भावाला येरवड्याला ठेवावं का? मनोरुग्णालयात नेमकं काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊ ३१ वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. दोन-तीन महिन्यांपासून गोळ्या बंद, रात्र रात्र जागतो, शेजारी भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात म्हणतो. गेल्या आठवड्यात तो आईच्या अंगावर धावून गेला. बार्शीच्या घरी आई एकटीच त्याच्यासोबत असते, तुम्ही सासरी. शेजारचे म्हणतात, येरवड्याला टाका. कोणी सांगतं, तिथे शॉक देतात, मारतात, आत गेलेला माणूस परत येत नाही. मामांचं म्हणणं, लग्न लावून द्या. आणि तुम्हाला कळत नाहीये की तिथे ठेवलं तर त्याचं नेमकं काय करतील.

मी मानसोपचारतज्ज्ञ. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी मनोरुग्णालयांत गेली, आता निवृत्त आहे. आधी माझं मत सांगतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याला भरतीची गरज दिसते. ती येरवड्यालाच हवी असं नाही. आणि तो घरी परत कधी यायचा, कुणाकडे यायचा, हे भरतीच्या आधी ठरवा. बहुतेक घरांत हे ठरवायचं राहून जातं. घरात इतकी दमछाक झालेली असते की एकदाचं नेऊन सोडलं की सगळे हुश्श करतात, आणि महिन्याभराने डिस्चार्जचा फोन गेला की धावपळ सुरू होते. खरी गडबड तिथेच होते. औषधं आपलं काम बऱ्यापैकी करतात.

आधी जागेचं बघू. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मंजूर खाटा येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. नागपूरचं रुग्णालय १८६४ सालचं, ठाण्याचं १९०१ सालचं. इंग्रजांनी ही बांधली तेव्हा औषध नावाची गोष्टच नव्हती. स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरचं पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली आलं. त्याआधी माणसाला गावापासून दूर, भिंतीआड, शेतीवाडीत ठेवायचं आणि आपोआप उतार पडतो का याची वाट पाहायची एवढंच हाती होतं. म्हणून या रुग्णालयांची आवारं इतकी प्रचंड, भिंती इतक्या उंच. उपचार बदलून सत्तर वर्षं झाली, भिंती मात्र तशाच आहेत, आणि लोकांच्या मनातलं चित्रही त्या भिंतींवरूनच तयार झालेलं आहे.

आज तीव्र आजाराची भरती सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डातही होते. तुम्हाला जवळ पडणारं म्हणजे सोलापूरचं सिव्हिल. ते वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. अशा वॉर्डात साधारणपणे एक नातेवाईक सोबत राहतो, मुक्काम दोन-चार आठवड्यांचा असतो, आणि केसपेपरवर ‘मनोरुग्णालय’ असं छापलेलं नसतं. गावात या शेवटच्या गोष्टीला किती किंमत आहे ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून माझा सल्ला: आधी सोलापूरच्या ओपीडीत दाखवा. तिथे जागा नसेल, सोबत राहायला खरोखर कुणीच नसेल, किंवा तो इतका आक्रमक असेल की उघड्या वॉर्डात सांभाळणं अवघड, तर तिथले डॉक्टरच येरवड्याला पाठवतील, आणि त्यांची चिठ्ठी घेऊन गेलात तर पुढचं काम सोपं होतं.

त्याला घेऊन कसं जायचं? इथे एक कळकळीची विनंती. ‘चल, नोकरीचं मेडिकल आहे’, ‘तुळजापूरला जाऊन येऊ’ असं सांगून गाडीत बसवू नका. असे शेकडो रुग्ण मी ओपीडीत उतरताना पाहिलेत. ज्याला आधीच वाटतंय की सगळे आपल्याविरुद्ध कट करतायत, त्याच्याविरुद्ध घरच्यांनी खरोखरच कट केलेला असतो. पुढे कित्येक महिने तो आईच्या हातची गोळी घेत नाही, आणि त्यात त्याचं काय चुकलं? चार वाक्यांत खरं सांगा: तुला झोप नाही, तुला त्रास होतोय, आईला भीती वाटते, डॉक्टरांना दाखवायचंय, मी सोबत आहे. आवाज खरे आहेत की खोटे यावर वाद घालू नका. झोपेचा मुद्दा धरा. झोप येत नाही हे बहुतेकांना स्वतःलाही पटलेलं असतं. तो ऐकत नसेल आणि हिंसेचा धोका असेल तर पोलीस ठाण्याला कळवा. आजारामुळे माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होतोय असं दिसलं तर त्याला ताब्यात घेऊन शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, सरकारी आरोग्यकेंद्रात तपासणीला नेणं हे कायद्याने पोलिसांचं काम आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

कायद्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण अजूनही लोक ‘कोर्टाची ऑर्डर आणू का’ विचारत येतात. ते जुन्या कायद्यांतलं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि घरच्यांनी आणलेल्या रुग्णासाठी त्यात दोन रस्ते आहेत. रुग्ण स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने भरती होतो आणि स्वतःच्या इच्छेने घरी जाऊ शकतो. डॉक्टरांना त्याची प्रकृती धोक्याची वाटली तर फेरतपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. रुग्ण तयार नसेल तर कलम ८९ लागतं. त्यात अर्ज त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा. त्याने आधी कुणाला नेमलेलं नसेल तर नातेवाईक ती जबाबदारी घेऊ शकतो, म्हणजे तुम्ही किंवा आई. मग दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. आजार इतका तीव्र आहे की तो नुकताच स्वतःला इजा करायला निघाला होता, किंवा दुसऱ्यावर धावून गेला, किंवा स्वतःची काळजी घेणंच त्याला जमत नाहीये, असं दोघांचंही मत पडलं तरच भरती होते. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाला सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतींवर नजर ठेवणाऱ्या मंडळाला, कळवावं लागतं, बाईमाणूस किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते, आणि तीही पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंतचीच. तुमचा भाऊ स्वतः त्या मंडळाकडे अर्ज करू शकतो, त्यासाठी त्याला मोफत वकील मिळतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की ‘टाकून या’ हा पर्याय आता कायद्यातच उरलेला नाही. भरतीच्या कागदावर शेवटची तारीख असते.

आता आत काय होतं ते. पहिल्या दिवशी आम्ही आधी शरीर तपासतो. साखर, रक्तदाब, रक्त, लघवी, ईसीजी, थायरॉइड. डोक्याला मार लागलाय का, ताप आहे का, दारू किंवा गांजा आहे का. बडबड करणारा, कुणालाही न ओळखणारा माणूस मनोरुग्ण म्हणून आणावा आणि त्याची साखर चाळीसवर आलेली असावी, किंवा दारू अचानक सुटल्याने तो भ्रमिष्ट झालेला असावा, हे नेहमीचं आहे. सहा वर्षांचा जुना आजार असला तरी ही तपासणी टाळायची नसते.

मग झोप. पहिले दोन-तीन दिवस उपचार म्हणजे मुख्यतः झोपच. गोळी घेत नसेल तर इंजेक्शन देतात. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही आपल्याकडची जुनी, स्वस्त आणि नीट अभ्यासलेली जोडी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भेटायला गेलात तर तो जडावलेला, लाळ गळणारा, यंत्रासारखा चालणारा दिसेल. नातेवाईक इथेच घाबरतात आणि ‘चांगला चालताबोलता माणूस आणला, तुम्ही त्याचं काय केलंत’ म्हणतात. हे दुष्परिणाम आहेत. मान वाकडी होणं, जीभ आखडणं, डोळे वर चढणं असं कधीतरी होतं. दिसायला भयंकर, पण साध्या औषधाने थोड्याच वेळात उतरतं. सिस्टरना लगेच सांगा. पाय एका जागी ठरत नाहीत, सतत येरझारा, बसवत नाही, असं झालं तरीही सांगा, कारण ते आजाराचं वाढणं समजून औषध वाढवलं तर त्रास दुप्पट होतो.

औषधाचा क्रम ठरलेला असतो आणि तो माहीत असला की तुमचा धीर टिकतो. झोप काही दिवसांत लागते, राग आणि अस्वस्थता आठवड्या-दीड आठवड्यात उतरते. आवाज आणि संशय सगळ्यांत हट्टी. त्यांना दोन ते सहा आठवडे लागतात. आणि ते एकदम जात नाहीत. आधी रुग्ण म्हणतो, ‘बोलतात, पण आता लांबून बोलतात.’ मग ‘बोलतात, पण मी लक्ष देत नाही.’ हे दुसरं वाक्य ऐकलं की आमच्यापैकी बरेच जण डिस्चार्जची तयारी सुरू करतात, आवाज पूर्ण थांबायची वाट पाहत नाहीत. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी निदान सहा आठवडे देऊनही फरक पडला नाही तर क्लोझॅपिनचा विचार होतो. ते या आजारातलं सगळ्यांत प्रभावी औषध आहे, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. बार्शीहून हे जमेल का, हे सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

एक बारीक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. तो बिडी-सिगारेट ओढतो का? धुरातल्या काही घटकांमुळे यकृत ओलॅन्झॅपिन आणि क्लोझॅपिन ही या आजारावरची औषधं लवकर संपवतं. वॉर्डात धूम्रपान बंद, म्हणून तेवढ्याच गोळीने काम भागतं. घरी आल्यावर पुन्हा दिवसाला दोन बंडलं सुरू झाली की तीच गोळी कमी पडायला लागते आणि घरचे म्हणतात, ‘तिथे बरा होता, इथे आल्यावर पुन्हा बिघडला, नक्की कुणाची नजर लागली.’ तंबाखू किंवा मिश्रीने असं होत नाही, दोष धुराचा. डॉक्टरांना त्याचा खरा आकडा सांगा.

शॉकबद्दल. होय, देतात, सगळ्यांना नाही, आणि शिक्षा म्हणून तर नाहीच. हा उपचार १९३८ साली इटलीत सुरू झाला. कुठल्याही दृश्यमाध्यमात तो जसा दाखवतात तसा, जागेपणी, चार जणांनी दाबून धरून, द्यायला २०१७ च्या कायद्याने सरळ बंदी आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही. उपाशीपोटी नेतात, भूलतज्ज्ञ असतो, काही सेकंदांचा प्रवाह, झटकेही फार तर पायाच्या बोटांत दिसतात, अर्ध्या-एक तासात रुग्ण चहा मागतो. आठवड्याला दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा. त्या दिवसांतल्या आठवणी पुसट होतात, काहींच्या आधीच्या काही महिन्यांतल्याही, आणि हे नातेवाइकांना आधी सांगायलाच हवं. पण जी बाई पंधरा दिवस दगडासारखी पडून आहे, ज्या माणसाने अन्नपाणी सोडलंय, जो आत्महत्येचा ध्यास घेऊन बसलाय, त्याला याने जितक्या लवकर परत आणता येतं तितकं औषधाने येत नाही. तुमच्या भावाचं वर्णन वाचून पहिला उपाय म्हणून तो मी सुचवला नसता.

मारहाण आणि बांधून ठेवणं. इथे मी गुळगुळीत उत्तर देणार नाही. कायदा सांगतो की साखळीने बांधायचं नाही, एकट्याला कोंडायचं नाही; तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, नोंद करून हातपाय आवरायचे, आणि कर्मचारी कमी आहेत हे कारण त्याला चालत नाही. प्रत्यक्षात मात्र रात्रपाळीला एका मोठ्या वॉर्डात दोन-तीन कक्षसेवक असतात. त्यांतले काही इतके निष्णात की नुसतं खांद्यावर हात ठेवून, ‘चल रे, पाणी पिऊ’ म्हणून भडकलेल्या माणसाला खाली बसवतात. हे कौशल्य कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. आणि काही असेही असतात ज्यांचा आवाज आणि हात दोन्ही सैल. रुग्ण एकमेकांनाही मारतात. खरूज आणि उवा होतात. याच्यावर घरच्यांच्या हातात असलेला सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे नियमित भेट. ज्याला दर आठवड्याला भेटायला माणूस येतो त्याच्याकडे वॉर्डाचं लक्ष वेगळं असतं. हे असं नसायला हवं, पण आहे. भेटीत त्याचे हातपाय, पाठ सहज नजरेने बघा, वजन विचारा. फोनवर बोलण्याचा, स्वतःचे कपडे घालण्याचा, डोकं न भादरून घेण्याचा त्याला हक्क आहे. तक्रार वॉर्डात न मिटल्यास अधीक्षकांकडे लेखी द्या, नाहीतर पुनरावलोकन मंडळाकडे.

दिवसाचं वेळापत्रक सांगितलं तर तुम्हाला कंटाळवाणं वाटेल: लवकर उठणं, अंघोळ, चहा-नाश्ता, गोळ्या, राउंड, व्यवसायोपचार, जेवण, संध्याकाळी लवकर जेवण आणि लवकर झोप. गोळी दिल्यावर सिस्टर तोंड उघडून दाखवायला सांगतात, कारण गालात धरून नंतर थुंकण्यात काही जण पटाईत असतात. व्यवसायोपचार म्हणजे कागदी पिशव्या, फायली, शिवण, विणकाम, बाग. ‘माझा भाऊ पदवीधर आहे, त्याला पाकिटं चिकटवायला लावता?’ असा राग अनेकांना येतो. या आजारात आवाजांपेक्षा जास्त नुकसान दुसरीच गोष्ट करते: उठून काही करावंसं न वाटणं, लक्ष न टिकणं, माणसांत न बसणं. गोळी त्यावर फारशी चालत नाही. एका जागी तासभर बसून, शेजारच्याशी जुळवून घेत, सुरू केलेली वस्तू पूर्ण करणं हा त्यावरचा व्यायाम आहे. पाकिटाचं फक्त निमित्त. त्या कामाचा मोबदला मिळण्याचा हक्कही कायद्यात आहे. दोन आठवड्यांच्या मुक्कामात याचा फारसा फायदा दिसणार नाही, पण त्याची सवय सुरू झाली तर घरी ती पुढे नेता येते.

आता तुमची खरी भीती: आत गेलेला परत येत नाही. हे पूर्ण खोटं नाही. मोठ्या मनोरुग्णालयांत अनेक वर्षं राहिलेली माणसं आहेत, आणि त्यांतली कितीतरी उपचाराच्या दृष्टीने केव्हाच बरी झालेली आहेत. ती आत आहेत कारण बाहेर कुणी उभं नाही. भरतीच्या अर्जावरचा पत्ता अर्धवट, फोन बंद. समाजसेवा अधीक्षक, म्हणजे रुग्णालयातला घरच्यांशी संपर्क ठेवणारा माणूस, पत्ता शोधत गावी जातो तर घर विकलेलं, किंवा भाऊ दारातच हात जोडतो: ‘साहेब, मुलीचं लग्न ठरतंय, वर्षभर थांबा.’ असं वर्ष मग संपत नाही. बायकांच्या वॉर्डात हे जास्त. माहेर म्हणतं सासरी विचारा, सासर म्हणतं माहेरी. २०१७ च्या कायद्याचं कलम १९ स्पष्ट सांगतं की घर नाही, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. पण त्यासाठी बाहेर जी निवासी सोय लागते ती फार तोकडी आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोहोचवण्याचं काम कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा ही संस्था करते. त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून एक गोष्ट दिसते: वर्षानुवर्षं हरवलेल्या माणसालाही उपचारानंतर स्वतःचं गाव आठवतं, आणि पुष्कळदा गावही त्याला घेतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण अमृतसरचं. पन्नासच्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत घरच्यांनाही राहायला लावलं. घरच्यांनी बघितलं की आजार काय असतो, औषध दिल्यावर काय बदलतं, शेजारच्या तंबूतला माणूस कसा बरा होऊन निघाला. रुग्ण टाकून जाण्याचा प्रश्नच उरला नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतही कुटुंबासोबत राहायचे वॉर्ड आहेत. मला विचाराल तर मानसोपचारातला हा आपल्या देशाने दिलेला सगळ्यांत मोलाचा धडा आहे, आणि आपल्याच मोठ्या रुग्णालयांनी तो पुरेसा उचलला नाही. म्हणूनच मी आधी सोलापूर सुचवलं: तिथे आई किंवा तुम्ही सोबत राहाल.

घरी आल्यावरचं सांगतो, कारण आजार उलटतो तो इथे. लंडनमध्ये १९५०च्या दशकात जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांचा माग काढला. अपेक्षा अशी की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले नीट राहतील. निघालं भलतंच: भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले जास्त टिकले. पुढच्या अभ्यासांतून कारण हाती लागलं. घरात सतत टोचून बोलणं, राग, किंवा उलट जिवाला इतकं लावून घेणं की श्वास घ्यायला जागा नाही, या दोन्हींनी आजार लवकर उलटतो, आणि अशा माणसाच्या सहवासात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ गेला तर आणखीच. चंदिगडला हेच तपासलं तेव्हा आपल्या घरांत असं टोचणं लंडनपेक्षा कमी आढळलं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ‘बघ, तुझ्याबरोबरची पोरं कुठे पोचली’ हे वाक्य बार्शीत रोज किती घरांत म्हटलं जात असेल?

तुमच्या घरात आई आणि तो दिवसभर समोरासमोर असतात. आई थकलेली, घाबरलेली. म्हणून डिस्चार्जआधी समाजसेवा अधीक्षकांशी बसून ठरवा: त्याचे दिवसातले चार तास घराबाहेर कुठे जातील, ओळखीच्या दुकानात हिशेब, गोठ्याचं काम, काहीही. पहिले काही आठवडे तो तुमच्याकडे राहू शकतो का? गोळी कोण देणार, समोर उभं राहून? गोळ्यांवरून रोज भांडण होणार असेल तर इंजेक्शनचा पर्याय विचारा. काही दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यायची असतात, काही महिन्यातून एकदा. माझ्या अनुभवात घरातली निम्मी भांडणं तेवढ्यानेच मिटतात, कारण आई पुन्हा आई होते, पहारेकरी राहत नाही. पुढची तपासणी बार्शीजवळ कुठे होईल तेही लिहून घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथकं ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी येतात. आणि बरं वाटतंय म्हणून औषध बंद करायचं नाही. त्याचा आजार एकदा उलटलेला आहे, म्हणजे ‘कधी थांबवायचं’ हा प्रश्न काही वर्षं बाजूला ठेवायचा. मध्येच शंका आली, रात्री-अपरात्री काही झालं, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

सोबत न्यायचं: त्याचं आणि तुमचं आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या सगळ्या, कोणत्या औषधाने बरं वाटलं होतं आणि कोणत्याने त्रास झाला याची घरच्या भाषेत लिहिलेली यादी, दोन चालू फोन नंबर. पत्ता खरा आणि पूर्ण द्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत; मनोरुग्णालयं त्याच विभागाची. सोलापूरचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथे थोडेफार शुल्क लागेल.

कोणी ‘महिन्याला इतके हजार भरा, वर्षभर आम्ही बघतो, भेटायला यायची गरज नाही’ म्हणणारं खासगी केंद्र सुचवलं तर आधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा, आणि न कळवता भेटायला येऊ देतात का ते विचारा. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी अशाच एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांत बांधलेले २८ जण गेले. दर्ग्याला, देवाला नेलंत तर माझी हरकत नाही. खिशात गोळ्या असू द्या.

राहिला मामांचा सल्ला. लग्नाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही; नवं घर, नवं माणूस, अपुरी झोप, अपेक्षा आणि ‘तिला कळू नये’ म्हणून लपवलेल्या गोळ्या, यांनी तो उलटतो. मी वॉर्डात भेटलेल्या किती तरी रुग्णांचा दुसरा झटका लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतला होता. लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्दही ठरू शकतं. दोन वर्षं औषधावर स्थिर राहिला, स्वतः कमवायला लागला, आणि त्याला स्वतःला करावंसं वाटलं, तर समोरच्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना आजाराचं नाव आणि गोळीचं नाव सांगून जरूर करा. अशी नीट चाललेली लग्नंही मी पाहिली आहेत. मामा ऐकत नसतील तर त्यांना भावाच्या पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा आणि हा प्रश्न डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या.